झोपेतली साक्ष

माझ्यावर आयुष्यात एकच गुन्हा शाबीत झाला, आणि तो मी झोपेत केला होता. जागेपणी मी तशी निरुपद्रवी. तेव्हा मी बारावीत होते, घणसोली गावात आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहायचो, आणि मला झोपेत बोलायची सवय होती. लोकांची शिक्षणं कशाकशापायी सुटतात. माझं बडबडीपायी सुटलं, आणि ती बडबड मला स्वतःला कधी ऐकायलासुद्धा मिळाली नाही.

वडील माथाडी होते. मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गोणी पाठीवर वाहायचे. साताऱ्याकडून आलेली आमची निम्मीशिम्मी माणसं तेच करायची. गाड्या पहाटे लागायच्या, त्यामुळे आई तीनला उठायची आणि खोलीतला एकुलता एक बल्ब लावायची. खोली दहा बाय बाराची. आई भाकरी थापायला बसली की परात माझ्या डोक्यापासून दोन हातांवर. त्या आवाजात झोपून दाखवा म्हणावं. मग मीही उठायचे, अभ्यासाला बसायचे, सातच्या कॉलेजसाठी हायवेपर्यंत चालत जाऊन बस पकडायचे, एकला परत यायचे, जेवायचे आणि दोन वाजता चटईवर पडायचे ती मेल्यागत. बाकीचं जग रात्री झोपायचं, माझी खरी झोप दुपारी दोन ते चार.

आणि त्याच दोन तासांत मी बोलायचे. कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडायचे. फळ्यावरची समीकरणं वाचून दाखवायचे. एकदा म्हणे मी शाळेतली अख्खी प्रार्थना म्हटली आणि शेवटी वर्गाला खाली बसा म्हणूनही सांगितलं. वडील तीनच्या सुमाराला घरी यायचे, पाठ शेकत पडायचे आणि मला ऐकून हसायचे. "सुरू झाल्या आमच्या मास्तरीणबाई," म्हणायचे. गोणी वाहणारा माणूस, त्याला दिवसभरात हसायला दुसरं होतंच काय. मला राग यायचा नाही, उलट बरं वाटायचं.

पण झोपेत बोलण्याची एक वाईट गोष्ट आहे. आपण बोलतो हे आपल्याला दुसऱ्यानं सांगावं लागतं. तोंड आपलं, आवाज आपला, आणि माहिती मात्र लोकांकडे. ते सांगतील ते खरं. मी कंडक्टरशी भांडले म्हणाले तर भांडले. मला उठल्यावर फक्त घसा कोरडा पडलेला कळायचा.

आमची मालकीण मूळ गावातली. त्यांची भातशेती होती, ती सरकारनं घेतली, मग राहत्या घरावर त्यांनी दोन मजले चढवले आणि त्यात आमच्यासारखे भाडेकरू कोंबले. दुपारी ती सुकट निवडायला आमच्या दारात येऊन बसायची, कारण आमच्या मजल्यावर वारा यायचा. तिनं एकदा मला बरळताना ऐकलं.

"पोर कोनाशी बोलतंय गो?" तिनं आईला विचारलं.

"झोपंत बोलती ती. सवय हाय तिला."

"मंग उजव्या पायाचा आंगठा धर आनि इचार तिला काय ते. निजलेला मानूस खोटा बोलत नाय."

आणि तिनं स्वतःचा पुरावा दिला. जमिनीचे पैसे आल्यावर तिचा नवरा चोरून प्यायला लागला होता. घरात बाटली सापडेना. एक दिवस तो झोपेत पुटपुटायला लागला, तिनं अंगठा धरला, बाटली कुठं आहे विचारलं, आणि तो म्हणाला खुराड्यात. खुराड्यातच होती. कोंबडी तिच्यावर बसली होती म्हणे. तळवलीला तिच्या माहेरी असंच करतात, पोरांच्या खोड्या अशाच काढून घेतात, असंही तिनं सांगितलं.

हे सगळं आईनंच मला उठल्यावर हसत हसत सांगितलं. आई तशी लोकांचं ऐकायची पुष्कळ आणि मानायची फार थोडं. पण नेमकं हे तिनं मानलं.

सुरुवात रेशनकार्डापासून झाली. गावाला जाऊन आल्यापासून ते सापडत नव्हतं. दोन दिवस घर उलटंपालटं केलं, आईनं वडिलांना बोल लावला, वडिलांनी तिला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बरळायला लागले तसा तिनं माझा अंगठा धरला आणि विचारलं. मी म्हणाले, "पिठात." नाचणीच्या पिठाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कार्ड निघालं. ते आईनंच गावाला जाताना चोरांच्या भीतीनं तिथं ठेवलं होतं आणि मी ते पाहिलं असणार. दोघीही विसरलो होतो. माझ्यातली झोपलेली बाई तेवढी विसरली नव्हती.

मग काय, आईला नादच लागला. पुढची वेळ आली ती चाचणीच्या मार्कांची. जागेपणी मी फिजिक्समध्ये पास म्हणून सांगितलं होतं. झोपेत, अंगठा धरल्यावर, नापास म्हणून सांगितलं. नापासच झाले होते. उठल्या उठल्या पाठीत धपाटा बसला, आणि मला कळेना ह्यांना कुणी सांगितलं.

इथं मला एक कबूल करायला पाहिजे, कारण सगळं आईवर ढकलून मी मोकळी होणार नाही. माझाही त्यावर विश्वास बसला होता. कॉलेजात मी मैत्रिणींना सांगत सुटले होते, की मी झोपेत खोटं बोलूच शकत नाही, माझ्या आईनं टेस्ट केलंय. जणू काही मोठं बक्षीस मिळालं होतं मला. हा फास मी स्वतः गळ्यात घालून मिरवत होते, आणि तो ओढला गेला तेव्हा म्हणून माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

आता भिंतीपलीकडच्या माणसाचं. आमच्या शेजारच्या खोलीत तेवीस-चोवीस वर्षांचा एकटा मुलगा राहायचा. तळोज्याला एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये होता. सगळे त्याला केमिस्ट म्हणायचे. बहुतेक वेळा त्याची नाइट असायची. सकाळी साडेआठला यायचा आणि चारपर्यंत झोपायचा. माझी चटई आमच्या बाजूनं भिंतीला लागून, त्याची खाट पलीकडून त्याच भिंतीला लागून. मधे चार इंची वीट, तिलाही धड प्लास्टर नाही. तो घोरायचा ते मला ऐकू यायचं. माझं बोलणं त्यालाही जात असणार. एकाच भिंतीला दोन बाजूंनी डोकं लावून भर दुपारी दोन थकलेली माणसं झोपायची, एवढाच काय तो आमचा संबंध.

नाही, अजून थोडा होता. जर्नल लिहीत मी गॅलरीत बसले होते, तेव्हा त्यानं येता-जाता वहीत डोकावून सांगितलं की टायट्रेशनचं रीडिंग चुकलंय. मग रिकाम्या रिफिलनं त्यानं पिपेट कसं धरायचं ते दाखवलं. तोंडानं ओढायचं, बोट दाबायचं, बोट किंचित सैल सोडून थेंब थेंब सोडायचं. ते दाखवताना तो गंभीर होता, देवपूजा करतोय इतका. त्यानंतर दोनेकदा मी त्याला केमिस्ट्रीचं काही विचारलं. दार उघडं, आई आत, मालकीण जिन्यात. लपवायला जागाच नव्हती त्या इमारतीत, आणि लपवण्यासारखं काही नव्हतंही.

मला त्याचं काम हवं होतं. तो नव्हे, त्याचं काम. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, आठ तासांची ड्युटी, न्यायला-आणायला कंपनीची बस. बारावी झाली की केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करायचं आणि तळोज्याला लागायचं, असं मी ठरवलं होतं. वडिलांना तसं सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, "शीक की. गोणीच्या खाली मान गेली की माणूस जमिनीकडंच बघतं. तू वर बघून चाल." वडिलांच्या माथाडी टोळीतल्या कुणाचीच मुलगी बारावीच्या पुढं गेली नव्हती, आणि वडील हे बोलले होते. ते मी विसरत नाही, आणि विसरत नाही म्हणूनच जास्त लागतं.

तो आवडायचा का? हे मला तेव्हा कुणी जागेपणी विचारलंच नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. सतरा-अठराव्या वर्षी असे कितीतरी प्रश्न मुलगी पुढं ढकलत असते. अभ्यास होऊ दे, परीक्षा होऊ दे, मग बघू. तो प्रश्न माझा होता आणि माझ्या वेळेला मी तो उघडणार होते. कदाचित उघडून बघितल्यावर आत काहीच निघालं नसतं. पण ते बघायचा मान माझा होता की नाही?

संक्रांत होऊन गेली होती. प्रॅक्टिकलला तीन आठवडे राहिले होते. नेहमीसारखी दोनला झोपले आणि चारच्या सुमाराला जाग आली, तर आई माझ्या पायाशी बसलेली. तिनं अंगठा अजून सोडला नव्हता. मी पाय ओढून घेतला तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"काय विचारलंस आज?" मी हसतच विचारलं.

"काय न्हाय. तोंड धू."

तिनं चहा दिला नाही. आमच्याकडे चारचा चहा म्हणजे देवाचा दिवा, तो कधी चुकायचा नाही. मी स्टोव्ह पेटवायला गेले तर तिनं माझ्या हातातून काडेपेटी काढून घेतली. मला वाटलं, पुन्हा कुठल्या तरी चाचणीचे मार्क ओकले वाटतं मी.

त्या दिवशी वडील उशिरा आले. ती त्यांना दारातूनच गॅलरीत घेऊन गेली. मी आत पुस्तक उघडून बसले होते. आई हळू बोलत होती, पण एक वाक्य नीट ऐकू आलं. "समदं कबूल केलंय तिनं." वडील आत आले. हातपाय धुतले नाहीत, माझ्याकडे बघितलं नाही. खुंटीला टोपी अडकवता अडकवता, खुंटीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "उद्यापास्नं कॉलेज बंद."

"मी काय केलं?"

"तुला ठाव हाय," आई म्हणाली.

"मला नाही ठाऊक."

"झोपंत तूच बोललीस."

"काय बोलले?"

"जे हाय ते. शेजारच्याचं."

मी काय बोलले असेन ते मला कळेना. खरंच कळेना. दुसरं कुणी माझ्यावर आळ घेतला असता तर मी त्याच्या तोंडावर भांडले असते. भांडण्यात मी कमी नव्हते. पण इथं साक्ष देणारी मीच होते, आणि तिला समोर उभं करायची काही सोय नव्हती. मी नाही म्हटलं की आई म्हणायची, जागेपणी सगळेच न्हाय म्हणत्यात. पिठातलं कार्ड खरं निघालं होतं. फिजिक्सचे मार्क खरे निघाले होते. आता हे तेवढं खोटं कसं म्हणायचं? त्या दोन दिवसांत मी स्वतःलाही तपासायला लागले, की बाई, आहे का काही तुझ्या पोटात जे मला माहीत नाही? आपल्याच अंगात एक चुगलखोर राहते आहे, ही भावना फार घाण असते.

तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, पुन्हा विचारा. सगळ्यांच्या समोर विचारा. मी झोपते, तुम्ही अंगठा धरा, आणि काय येतं ते ऐका. मला वाटलं मी फार हुशारी केली.

वडिलांना ते पटलं, आणि मला वाटतं त्यांना त्यातून मी सुटायला हवीही होते. त्यांनी कोपरखैरण्याहून माझ्या थोरल्या चुलत्यांना बोलावलं, कारण घरातला कुठलाही निकाल त्यांच्याशिवाय लागत नसे. रविवार होता. झोप यावी म्हणून मी दुप्पट भात खाल्ला, वर ताक प्याले. दोनला चटईवर पडले. चुलते घडीच्या खुर्चीवर, वडील भिंतीला टेकून, आई माझ्या पायाशी. मालकीणही दारात येऊन बसली होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. चार माणसं वाट बघत बसली की मी कधी झोपते.

अशी झोप येते का हो कुणाला?

मी डोळे मिटले. चुलते खाकरले. वडिलांनी त्यांना गप्प राहायची खूण केली असणार, कारण मग त्यांनी अर्धवट खोकला गिळला. मालकिणीच्या बांगड्या वाजल्या. आणि भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येत होतं. त्याची आदल्या रात्रीची ड्युटी झाली होती, तो ढाराढूर पडला होता. ज्याच्यावर आरोप तो सुखात घोरतोय, आणि जिला झोपायलाच पाहिजे ती टक्क जागी. सगळी खोली ते घोरणं ऐकत होती आणि मला शरम वाटत होती, जणू तो माझ्याशीच काही बोलतोय.

अर्धा तास गेला. "लागली का?" चुलत्यांनी कुजबुजत विचारलं. "न्हाय अजून," आई म्हणाली. पुन्हा शांतता. मी शंभरपासून उलटे आकडे मोजले. आवर्तसारणी म्हटली मनातल्या मनात. जितकी झोप बोलवावी तितकी ती लांब जायची. आयुष्यात पहिल्यांदा मला दुपारी झोप आली नाही, आणि त्याच दुपारी माझं सगळं त्यावर टांगलेलं होतं.

तासाभरानं चुलते चुळबुळ करायला लागले. त्यांना संध्याकाळी कुठंतरी जायचं होतं. मला वाटलं आता उठतील, आणि निकाल आहे तसाच राहील. मग मी जे केलं ते केलं. श्वास लांब केला. तोंड थोडं उघडं टाकलं. आणि खरं वाटावं म्हणून सोडियम, पोटॅशियम असं काहीतरी पुटपुटले.

आईनं अंगठा धरला. तिचा हात गार होता.

"कुनी हाय का तुझं?" तिनं विचारलं.

"नाही," मी जड आवाजात म्हणाले. "कोणीच नाही. मला शिकायचंय."

खोलीत कुणी हललं नाही. मला वाटलं झालं, सुटले.

"जागी हाय ही," आई म्हणाली.

"कशावरनं?" चुलत्यांनी विचारलं.

"झोपंत ही इतकं सरळ बोलत न्हाय. आन् पाय बगा कसा ताठलाय."

मी डोळे उघडले. चौघंही माझ्याकडे बघत होते. वडिलांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अजून सांगू शकत नाही, म्हणजे सांगता येईल, पण मला सांगायचं नाही. चुलते उठले, धोतराचा सोगा झटकला. "सोंग घेतंय पोरगं," म्हणाले. "म्हंजे जे काय असंल ते हायच. मी गावाकडं निरोप देतो." मालकीण खाली उतरली. मी रडायला लागले. मग रडतेय म्हणजेही काहीतरी आहेच, असं झालं.

आज मी विचार करते, की माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य मी त्या दुपारी बोलले होते. मला शिकायचंय. पूर्ण शुद्धीत, विचार करून बोलले होते. आणि तेच तेवढं खोटं ठरलं, कारण बोलताना मी जागी होते.

केमिस्टला पुढच्या आठवड्यात खोली सोडायला सांगितली. मालकिणीनं त्याला चारच्या आधीच दार वाजवून उठवलं. तो बनियनवर, डोळे चोळत दारात उभा होता. "माझं काही चुकलं का मावशी?" त्यानं विचारलं. "चूक कोनाची नाय रं. खोलीला रंग माराचा हाय," ती म्हणाली. त्याला शेवटपर्यंत काही कळलं नसावं. टेम्पोत खाट चढवताना तो आईला "येतो काकू" म्हणाला, आणि आई "या" म्हणाली. मी आत होते. ज्याच्याशी माझं इतकं सगळं जुळवलं गेलं, त्या माणसाला मी साधं या सुद्धा म्हटलं नाही. रंग काही कुणी मारला नाही. आठ दिवसांत तिथं एक कुटुंब आलं.

प्रॅक्टिकल बुडालं. हॉल तिकीट एक मैत्रीण घरी आणून देऊन गेली, आईनं ते नीट घडी करून ठेवलं. फेकलं नाही. ही आमची माणसं, कागद कधी फेकत नाहीत, मग तो फुकट का गेलेला असेना. मला अठरा पूर्ण झाली आणि त्याच मेमध्ये गावाला लग्न लावून दिलं. नवरा वाईट नाही. हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलंय की आता ते तोंडातून आपोआप येतं. दुकानात कामाला आहे, पीत नाही, हात उचलत नाही. कोपरखैरण्यातच घर केलं. संसार झाला.

लग्नानंतर मी झोपेत बोललेच नाही. एक शब्द नाही. पहिले काही महिने तो झोपल्याची खात्री झाल्याशिवाय मी डोळे मिटायचे नाही. एप्रिलमध्येसुद्धा पाय चादरीत गुंडाळून झोपायचे. तो हसायचा, म्हणायचा, पायांना कसली थंडी वाजते तुझ्या. काय सांगणार? पुढं सवयच लागली. झोप म्हणजे माझ्यासाठी एक पहारा झाला, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला विश्रांती कसली मिळते. सकाळी उठले की दातांवर दात आवळून जबडा दुखत असायचा.

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरीणबाईंना मी हे विचारलं. झोपेतला माणूस खरं बोलतो का? त्या आधी हसल्या. मग माझा चेहरा बघून नीट बोलल्या. म्हणाल्या, झोपेत बाहेरचं थोडंथोडं ऐकू येत असतं, आत स्वप्न चालू असतं, आणि दोन्हीची भेळ होऊन जे तोंडातून निघतं त्याला खरंही म्हणता येत नाही आणि खोटंही. कधी खरं निघतं, बहुतेक वेळा काहीच नसतं. मला वाटलं, हे मला बारावीत कुणी सांगायला हवं होतं. मग वाटलं, सांगितलं असतं तरी काय होणार होतं? आई म्हणाली असती, डाक्टरला काय कळतंय, रेशनकार्ड सापडलं का न्हाय?

त्या बाळंतपणाला मी माहेरी होते, त्याच घणसोलीच्या खोलीत. आजूबाजूला टॉवर उठायला लागले होते, मालकिणीनं अजून एक मजला चढवला होता. मुलगी झाली होती मला. दुपारची वेळ, बाळ झोपलं होतं, आई माझ्यासाठी लसूण सोलत बसली होती. कॉलेज सुटल्याला साताठ वर्षं झाली होती, तेव्हापासून वडील माझ्याशी कामापुरतं बोलायचे, ते मार्केटात गेले होते. आणि मी विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं, कारण मला त्या उत्तराची भीती वाटायची. मला वाटायचं, काहीतरी घाणेरडं बोलले असेन मी. काहीतरी असं, की आईला ते तोंडातून काढता येत नाही.

"आई, त्या दिवशी मी काय बोलले होते? शब्द न् शब्द सांग."

"कुटल्या दिवशी?" ती म्हणाली. पण तिला कळलं होतं. तिची सोलायची गती कमी झाली.

"तुला माहितेय कुठल्या."

तिनं हातातली पाकळी सोलून बाजूला टाकली. "बोलली न्हाईस तू," मग म्हणाली.

"म्हणजे?"

"म्या अंगठा धरला. त्याचं नाव घेतलं आन् इचारलं, ह्यो आवडतो का तुला. तू हसलीस."

"नुसती हसले?"

"व्हय."

"आणि तू सांगितलंस सगळं कबूल केलं म्हणून."

तिनं पुढची पाकळी उचलली. मला ओरडायचं होतं, पण बाळ झोपलं होतं, आणि खरं म्हणजे अंगात ओरडायचं बळही नव्हतं. एवढी वर्षं मी एका वाक्याला घाबरत होते, आणि तिथं वाक्यच नव्हतं. कशाला हसले असेन मी? कदाचित त्याला. कदाचित पिपेटला. कदाचित वडील मास्तरीणबाई म्हणाले असतील स्वप्नात. आता ते मला कोण सांगणार?

"नुसत्या हसण्यावरून, आई?"

"नुसतं न्हवतं ते," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, लसणीकडे बघत. "तसं हसू तुझ्या तोंडावर म्या जागेपणी कदी बगितलंच न्हवतं. ल्हानपणी बी न्हाय."

"मग तुला बरं नाही वाटलं?"

"भ्या वाटलं," ती म्हणाली.